जस्ताला हरवणारे खिळे

दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, दुसऱ्या शाळेतून आलेल्या परीक्षक बाईंच्या डोळ्यांदेखत, मी लोखंड जस्तापेक्षा जास्त क्रियाशील असल्याचं सिद्ध करून दाखवलं. एखाद्या नळीत चुकून झालं असतं तर दडपता आलं असतं. झालं ते प्रत्येक टेबलावर, प्रत्येक नळीत, एकसारखं. जगातल्या सगळ्या पुस्तकांत जस्त वर आणि लोखंड खाली आहे. उत्तर नागपुरातल्या आमच्या शाळेत त्या सकाळी लोखंड वर गेलं, आणि त्याला वर चढवणारा मी होतो.

ज्यांचा विज्ञानाशी संबंध दहावीनंतर तुटला, आणि तो तुटल्याचा आनंद ज्यांनी साजरा केला, त्यांना या गुन्ह्याचं गांभीर्य कळणार नाही. म्हणून आधी थोडं शिकवतो. सवय आहे, जात नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर मी ताटावर बसूनच विरल आणि संहत द्रावणातला फरक समजावू लागतो, आणि बायको मुकाट्याने माझ्यापुढचं ताट उचलते.

तर प्रयोग असा. लाकडी स्टँडमध्ये पाच परीक्षानळ्या. प्रत्येकीत थोडं विरल हायड्रोक्लोरिक ॲसिड, म्हणजे पाण्यात मिसळून मवाळ केलेलं. मग एकेका नळीत एकेक धातू सोडायचा. मॅग्नेशियमची फीत, ॲल्युमिनिअमचा तुकडा, जस्ताचा खडा, लोखंडाचा खिळा आणि तांब्याची तार. धातू ॲसिडातला हायड्रोजन हुसकावून लावतो, त्याचे बुडबुडे वर येतात. ज्याचे बुडबुडे जोरात, तो धातू जास्त क्रियाशील. नळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की फट्ट असा आवाज होतो आणि मागच्या बाकावरचा झोपलेला गडी जागा होतो.

प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. मॅग्नेशियमला धीर नाही. पडल्या पडल्या फसफसतं आणि बघता बघता स्वतःच संपून जातं. जस्त म्हणजे कचेरीतला जुना बाबू, हळूहळू का होईना काम करतो. लोखंड त्याहून मंद. तांबं लग्नात रुसून बसलेल्या जावयासारखं, विरल हायड्रोक्लोरिकमध्ये काही केल्या हलत नाही. राहिलं ॲल्युमिनिअम. त्याने तर माझ्या नोकरीची सुरुवातच केली.

नवीन लागलो होतो. शर्टाला कडक इस्त्री, खिशात दोन पेनं. ॲल्युमिनिअमचा तुकडा ॲसिडात सोडला आणि वर्गाला म्हणालो, "आता पहा." वर्गाने पाहिलं. मीही पाहिलं. तुकडा तळाशी पडून आमच्याकडे पाहत राहिला. एकही बुडबुडा नाही. मी नळी हलवली, उजेडाकडे धरली, घसा साफ केला. शेवटी तास संपायला आला तेव्हा ठामपणे सांगितलं, "ॲल्युमिनिअमची अभिक्रिया होत नाही. लिहून घ्या." पोरांनी लिहून घेतलं. घंटा झाली, वर्ग बाहेर गेला. मी हजेरीपट उचलायला वळलो तर मागे फसफस. नळी उकळल्यासारखी झाली होती, फेस तोंडातून बाहेर येऊन टेबलावर पसरत होता आणि हजेरीपटाचा एक कोपरा त्यात भिजत होता.

ॲल्युमिनिअमवर त्याच्याच ऑक्साइडचा एक पातळ, पक्का थर असतो. ॲसिडला आधी तो थर खावा लागतो, मग आतल्या धातूची गाठ पडते. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत लिहून मी त्याचे गुणही घेतले होते. पण वर्गात उभं राहिल्यावर मला ते आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरांना म्हणालो, "कालचं खोडा. अभिक्रिया होते, जोरात होते, फक्त उशिरा होते." पहिल्या बाकावरच्या एका दिवट्याने विचारलं, "सर, म्हणजे काल ते खोटं बोलत होतं, की तुम्ही?"

त्या दिवसापासून मी एक नियम केला आणि निवृत्त होईपर्यंत दर वर्षी, दर वर्गाला, पहिल्याच प्रयोगाला तो सांगितला: दिसेपर्यंत थांबायचं, आणि दिसलं तेच लिहायचं. फळ्याच्या वर रंगवूनही घेतला होता. हा नियम मी किती पाळला ते पुढे येईलच.

आमची शाळा जरीपटक्याच्या बाजाराच्या पलीकडे. पोरं सगळ्या घरांतली. कुणाच्या बापाचं कापडाचं दुकान, कुणाची आई चार घरी स्वयंपाक करणारी. काही कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीतून बसने यायची, त्यांच्या दप्तरावरून बोट फिरवलं की राखेत रेघ उठायची. शाळा काही मोठी नव्हती. पण एका गोष्टीचा मला गर्व होता आणि आजही आहे, तो लपवणार नाही. आमच्याकडे प्रत्येक पोराच्या हातात स्वतःच्या पाच नळ्या असायच्या. इतर ठिकाणी गुरुजी पुढे प्रयोग करतात आणि पन्नास पोरं माना उंच करून बघतात. माझ्याकडे प्रत्येकाने स्वतः धातू घासायचा, स्वतः सोडायचा, स्वतः काडी लावायची. इतक्या वर्षांत कुणाचा डोळा गेला नाही, कुणाचं बोट भाजलं नाही. याचं अर्धं श्रेय ताराबाईंचं.

ताराबाई आमच्या प्रयोगशाळेतल्या परिचर. उंची बेताची, आवाज भरपूर. ॲसिड पातळ करणं हे त्यांचं खास काम. पाण्यात ॲसिड सोडायचं, तेही हळूहळू. ॲसिडात पाणी ओतलं तर ते उकळून अंगावर उडतं. मोजून सोडताना त्या कुणाशी बोलायच्या नाहीत, अगदी हेडमास्तर आले तरी नाही. काम झालं की मात्र दिवसभराचं राहिलेलं बोलून घ्यायच्या.

एका दिवाळीच्या आधी घरच्या पूजेची पितळी भांडी चमकवायची म्हणून मी शाळेतलं थोडं ॲसिड नेलं. बायको चिंच-मीठ लावून घासत होती, तिला म्हटलं, "विज्ञानाच्या युगात हात कशाला दुखवायचे?" भांडी ॲसिडात ठेवली आणि विसरलो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. सकाळी पाहतो तर वरवरचं जस्त निघून गेलेलं आणि समईवर गुलाबी चट्टे, जणू तिला गोवर निघालाय. ताराबाईंना ही गोष्ट सांगितली, कारण मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या घरी तुमाले हात लावू देतात, हेच लय झालं."

आता खिळ्यांकडे येतो.

त्या वर्षी वर्गात प्रज्ञा मेश्राम नावाची मुलगी होती. कोराडीहून येणारी, बारीक, बोलणं कमी. नळी हातात घेतली की तिचं आजूबाजूला लक्ष नसायचं. बाकीचे बुडबुडे आले की "आले, आले!" करत शेजाऱ्याच्या टेबलावर जायचे, ही संपेपर्यंत पाहत बसायची. तिचे वडील कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर पाळीत काम करत. एकदा रात्रपाळी करून तसेच शाळेत आले होते, डोळे लाल. मी म्हटलं, "पोरगी हुशार आहे, तिला अकरावीला सायन्सला पाठवा."

ते म्हणाले, "सर, मले त्यातलं काही समजत नाही. सायन्सचं कॉलेज शहरात, रोज दोन बसा. घरची म्हणते, पोरगी इथंच बारावी आर्ट्स करन अन् बस. सायन्सचे मार्क चांगले पडले तं मी घरच्यांसंग भांडीन. तुम्ही म्हणता हुशार आहे, तं मले कागदावर दिसू द्या."

दिसू द्या! माझाच नियम मला त्यांच्या तोंडून ऐकायला मिळाला. मी मान डोलावली. विज्ञानाच्या गुणांत प्रात्यक्षिकाचा वाटा बराच असतो, आणि प्रात्यक्षिकात तर प्रज्ञाला अडवणारं कोणी नाही, असं मला वाटत होतं.

तेव्हा प्रात्यक्षिकाला दुसऱ्या शाळेचे शिक्षक परीक्षक म्हणून यायचे. आमच्या वाट्याला आल्या पांढरीपांडे मॅडम. त्यांचा धाक मी ऐकून होतो. एका शाळेत म्हणे त्यांनी धुळकट परीक्षानळी उजेडाकडे धरून गुरुजींनाच विचारलं होतं, "यात तुम्ही पाणी प्याल का?" मी कामाला लागलो. नळ्या धुतल्या, स्टँड पुसले, फिती घासून चकचकीत केल्या. खिळे पाहिले तर गेल्या वर्षीचे, पार गंजलेले. म्हटलं, हे मॅडमसमोर नको.

संध्याकाळी जरीपटक्यात हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने नेहमीचे काळे खिळे पुढे केले. मी म्हटलं, "ये नहीं, अच्छे वाले. चमकने वाले. शाळा के लिए चाहिए." त्याने दुसरा डबा काढला. पांढरेशुभ्र खिळे. म्हणाला, "ये लो गुरुजी. बारिश में रख दो, पानी में रख दो, कभी जंग नहीं लगेगा."

मी खूश. विज्ञान शिकवणारा माणूस, लोखंड आणायला गेलो, आणि ज्याला कधीच गंज चढत नाही असं लोखंड पिशवीत घालून घरी आलो. वाटेत एकदाही मनात आलं नाही की असं लोखंड असतं कुठे? उलट बायकोला दाखवले. ती म्हणाली, "चांदीचे दिसतात." मी म्हटलं, "दुकानदार ओळखीचा आहे."

परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रत्येक प्रयोग स्वतः करून बघायचा, ही आमच्या धंद्यातली रीत. मीही केला. ॲल्युमिनिअम, जस्त, मॅग्नेशियम, तांबं, चारही. खिळा तेवढा टाकला नाही. म्हटलं, लोखंडाचं काय बघायचं? लोखंड ते लोखंड.

परीक्षेची सकाळ. पांढरीपांडे मॅडम आल्या, इस्त्रीची सुती साडी, नाकावर चष्मा. त्यांनी नळ्या पाहिल्या, स्टँड पाहिले, काही बोलल्या नाहीत. म्हणजे पसंत पडलं. पोरांनी धातू सोडले. मी हात मागे बांधून, मंद हसत, फेरी मारायला निघालो.

तिसऱ्या टेबलावर एक पोरगा कुजबुजला, "सर, माझा खिळा बिघडला. पहा ना, कसा सुटून राहिला!"

पाहतो तर खिळ्याभोवती बुडबुड्यांची झुंबड. शेजारच्या नळीत जस्ताचा खडा आपला निवांत, सुपारी चघळणाऱ्या म्हाताऱ्यासारखा एकेक बुडबुडा सोडतोय. मी त्याला दुसरा खिळा दिला. तोही तसाच. पुढच्या टेबलावर तेच. त्याच्या पुढच्यावर तेच. मी घाईघाईने पहिला निष्कर्ष काढला. ॲसिड तेज झालंय.

ताराबाईंना कोपऱ्यात गाठलं. "ताराबाई, ॲसिड तेज केलंत आज तुम्ही. पातळ नाही झालं नीट."

"मोजूनच केलं मीनं."

"मोजण्यात चूक झाली असेल."

"तुम्ही उभे होते तिथं, सर."

"सगळं फेका. नवीन करा. लवकर!"

त्या एक शब्द न बोलता गेल्या आणि नवीन ॲसिड करून आणलं. ताराबाई गप्प बसल्या की मला धडकी भरते, पण तेव्हा घाबरायलाही वेळ नव्हता. मी दोन-तीन टेबलांवर नवीन ॲसिड दिलं. खिळे पुन्हा सुसाट. जस्त पुन्हा निवांत.

पोरं मात्र गांगरली नाहीत. मी डोकावून पाहिलं तर एकूणएक पोरगा उतरत्या क्रमाने लिहीत होता, मॅग्नेशियम, ॲल्युमिनिअम, जस्त, लोखंड, तांबं. अगदी पुस्तकातल्यासारखं. ज्याचा खिळा डोळ्यांदेखत उड्या मारत होता त्यानेही लिहिलं होतं, "लोखंडाची अभिक्रिया जस्तापेक्षा मंद होते." माझ्या जिवात जीव आला. वाचलो, म्हटलं.

मग प्रज्ञाच्या टेबलाशी आलो. तिने लिहिलं होतं: मॅग्नेशियम, मग लोखंड, मग जस्त, ॲल्युमिनिअम उशिरा सुरू झाले पण मग जोरात, तांबे काही नाही.

मी खाली वाकून, ओठ न हलवता म्हणालो, "खोड ते. जस्त वर लिही."

तिने वर पाहिलं. हळूच म्हणाली, "पण सर, तुम्हीच म्हणता ना, दिसलं तेच लिहायचं?"

"ते वर्गात गं. ही परीक्षा आहे!"

तिने फळ्याच्या वर पाहिलं, जिथे माझा नियम निळ्या रंगात लिहिलेला होता. मग माझ्याकडे पाहिलं. आणि खोडरबर बाजूला ठेवून पुन्हा नळीकडे पाहत बसली. मी चटकन पुढे सरकलो. म्हटलं, बरं झालं, हे कुणी ऐकलं नाही.

पांढरीपांडे मॅडम नेमक्या तिथेच येऊन थांबल्या. पेपर उचलला.

"लोखंड जस्ताच्या वर?"

"हो मॅडम."

"पुस्तकात काय आहे?"

"पुस्तकात जस्त वर आहे."

"मग?"

प्रज्ञाचा आवाज इतका बारीक झाला की मॅडमना वाकावं लागलं. "पुस्तकातला खिळा मी नाही पाहिला, मॅडम. माझ्या नळीतला पाहिला."

मॅडमनी मला बोलावलं. "सर, तुमच्या सगळ्या मुलांचं बरोबर आहे. ही एकटी. निरीक्षण न करता मनाने लिहिलेलं दिसतंय. या प्रयोगाचे गुण मला देता येणार नाहीत."

नळ्यांचा स्टँड प्रज्ञाने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, कुणी काढून नेईल असा. मला तिच्या वडिलांचे लाल डोळे आठवले. कागदावर दिसू द्या. आता कागदावर शून्य दिसणार होतं, आणि तेही वर्गात एकटीने खरं लिहिल्याबद्दल. दुसऱ्या बाजूला माझी अख्खी परीक्षा होती, बाकीची सगळी पोरं होती, आणि इतक्या वर्षांचं नाव. मी तोंड उघडलं तर हे सगळं मॅडमच्या हातात जाणार होतं.

मी तोंड उघडलं.

"मॅडम, तिने मनाने लिहिलेलं नाही. सगळ्यांच्या नळीत हेच झालंय. बाकीच्यांनी पुस्तकातलं लिहिलंय."

मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि त्या टेबलामागून टेबल फिरल्या. प्रत्येक स्टँडजवळ वाकल्या, प्रत्येक पेपर पाहिला. एक पोरगा घाईघाईने खोडू लागला, तर त्याला म्हणाल्या, "राहू दे रे, आता कशाला?" परत आल्या आणि प्रज्ञाचा पेपर पुन्हा उचलला. या वेळी त्यांनी पुढची ओळ वाचली. मघाशी ती मीही वाचली नव्हती. त्यांनी ती मोठ्याने वाचली.

"खिळ्याचे बुडबुडे आधी भराभर, मग एकदम मंद. खिळा आधी पांढरा होता, आता काळपट."

मी नळी उचलली. खरंच, खिळा काळपट पडला होता आणि त्याच्यावर आता एखाददुसरा बुडबुडा रेंगाळत होता. बरोबर लोखंडासारखा.

"सर," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "खिळे कुठून आणले?"

"जरीपटक्यातून."

"दुकानदार काय म्हणाला?"

"म्हणाला... कधी जंग लागणार नाही."

"आणि तुम्ही घेतले."

"हो."

"लोखंडाला जंग लागत नाही, असं तुम्ही किती वर्षं शिकवताय?"

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. घरच्या पत्र्याच्या बादलीला गंज चढू नये म्हणून काय करतात? वरून जस्ताचा पातळ थर देतात. हे मी दर वर्षी शिकवायचो, बादलीचं चित्र काढून, बादलीला कडीसुद्धा काढून. माझे चांदीसारखे खिळे बाहेरून जस्ताचे होते! पोरांनी जस्ताशी जस्ताची शर्यत लावली होती.

मॅडमनी प्रज्ञाला पुढे बोलावलं. "तुझी तोंडी परीक्षा. हे खरं की खोटं, कसं बघशील?"

प्रज्ञाने थोडा विचार केला. मग आपला काळपट झालेला खिळा धुऊन नव्या ॲसिडात टाकला. शेजारच्या नळीत डब्यातला कोरा खिळा टाकला. तिसऱ्या नळीत कोराच खिळा, पण सॅंडपेपरने टोकापासून टोकापर्यंत घासलेला. कोरा खिळा सुसाट सुटला. उरलेले दोन हळूहळू, जस्ताच्याही मागे. सगळी पोरं टेबलं सोडून भोवती गोळा झाली होती, आणि त्यांना कुणी हटकलं नाही.

"म्हणजे खिळा काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"वरून जस्त, आतून लोखंड," प्रज्ञा म्हणाली. मग थांबून, "पण मॅडम, जस्तच आहे तर जस्ताच्या खड्यापेक्षा जोरात काहून सुटलं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वेळात पहिल्यांदा मला मान वर करता आली. हे मला येत होतं. म्हटलं, प्रयोगशाळेतलं शुद्ध जस्त एकटं असतं, ॲसिडात सुस्तावतं. त्याला दुसरा धातू चिकटलेला असला की ते भराभर विरघळतं आणि बुडबुडे त्या दुसऱ्या धातूवरून निघतात. म्हणून तर हायड्रोजन करायचा असला की आम्ही जस्तावर मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, चार थेंब टाकतो. त्यातलं तांबं जस्ताला चिकटतं आणि जस्त पळायला लागतं. खिळ्यावर जस्ताच्या पोटाशी लोखंड होतं. जोडीदार मिळाला की सुस्त माणूसही कामाला लागतो, असंही शेवटी जोडून दिलं. पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी मान हलवली. ती मान मी आजही जपून ठेवली आहे.

निघताना म्हणाल्या, "मेश्रामला पूर्ण गुण. बाकीच्यांनी खिळा पळताना पाहिला आणि जस्त पळालं असं लिहिलं. त्यांनाही गुण देते, कारण चूक खिळ्याची होती. पण सर, सगळा वर्ग डोळ्यांपेक्षा पुस्तकावर विश्वास ठेवतो, हे तुम्ही मनावर घ्या."

मी मनावर घेतलं. इतक्या पोरांना मी नियम सांगितला, तो एकीने पाळला. बाकीच्यांनी तो फळ्याच्या वर वाचला आणि परीक्षेत मी जे करायला सांगितलं असतं तेच न सांगता केलं. ती सल अजून आहे. पण खरं सांगायचं तर सलीपेक्षा अभिमान जास्त आहे. एका वर्गात एक जरी पोर असं निघालं, तर मास्तराला त्या पगारात परवडतं. पुढच्या वर्षापासून मी डब्यात मुद्दाम दोन-चार पांढरे खिळे मिसळून ठेवू लागलो आणि कोण खरं लिहितं ते पाहू लागलो. दर वर्षी लिहिणारे वाढत गेले. आता शाळेत मोठा पडदा आलाय. त्यावर पाचही नळ्या एकदम दिसतात, बुडबुडे ठरल्या क्रमाने येतात. पडद्यावरचं ॲल्युमिनिअम कधी उशीर करत नाही, आणि पडद्यावरचा खिळा कुणाला फसवत नाही. मला त्या पोरांचं वाईट वाटतं.

निकाल लागला. प्रज्ञाचे वडील पेढे घेऊन आले, पाळी संपवून तसेच. "भांडलो, सर," एवढंच म्हणाले. प्रज्ञा शहरातल्या कॉलेजात गेली, दोन बसा बदलत. आता ती नागपूर विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानाच्या सुट्या भागांना कुठे गंज धरतोय का, ते तपासण्याचं काम करते.

माझ्या निरोपसमारंभाला ती आली होती. शाळेच्या हॉलमध्ये, माझ्या गळ्यात झेंडूचा हार, मी पाहुण्यांच्या खुर्चीत. तिला चार शब्द बोलायला सांगितलं. तिने ती खिळ्यांची गोष्ट सांगितली. चमकणारे खिळे, काळपट खिळा, मॅडमची तोंडी परीक्षा, सगळं. हॉल हसून हसून लोळला. आणि शेवटी म्हणाली, "सरांनी आम्हाला एकच गोष्ट शिकवली, दिसलं ते लिहा. त्या दिवशी परीक्षकांसमोर सर माझ्यासाठी उभे राहिले. मी आजही दिसलं तेच लिहिते." टाळ्या झाल्या. मी वाकून तिच्या टेबलाशी काय कुजबुजलो होतो, तेवढं तिने गाळलं. ते आम्हा दोघांतच राहिलं, म्हणून मी हार सावरत थोडा जास्तच ताठ बसलो.

समारंभ संपला. लोक जेवणाकडे वळले. ताराबाई दाराशी उभ्या होत्या, नवी साडी नेसून. मी डोळे पुसत म्हटलं, "ऐकलंत ना ताराबाई, पोरगी काय म्हणाली?"

"हाव, आयकलं," ताराबाई म्हणाल्या. "पोरगी गुणाची आहे, म्हणून झाकली तिनं तुमची. 'खोड ते' म्हणून तुम्ही सांगत होते तिले, तवा मी तुमच्या मागंच उभी होती, सर. अन् माझं ॲसिड बरोबर होतं."